उघाडीवरचा जिताडा

कुंदा मोकल स्वयंपाकघरातल्या उघड्या फरशीवर आडवी होते तेव्हा बांधावरचा लाउडस्पीकर अजून चालूच आहे. दुपार आश्विनातली आहे. पाऊस सरलाय, थंडीला अवकाश आहे, आणि मधल्या या दिवसांत मोठेखार गाव तव्यावर ठेवल्यासारखं तापतं. फरशी तेवढी गार आहे. तिने गाल फरशीला टेकवलाय. डोळे मिटलेत, पण दात एकमेकांवर घट्ट आवळलेले आहेत.

सकाळी तिला मानाने बोलावून नेलं होतं. गावातल्या तरुण मंडळाने तिच्या नवऱ्याच्या नावाने गळाने मासे धरायची स्पर्धा ठेवली होती. खाडीच्या बांधावर मांडव, खुर्च्या, आणि मागे भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर बाळारामचा फोटो कोपऱ्यात, आणि त्याने शेवटी धरलेला जिताडा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंडळाचा अध्यक्ष निवृत्ती ठाकूर माइक तोंडाला लावून म्हणाला, "मरण यावं तर आमच्या बाळारामदादांसारखं! हातात गळ आणि गळाला जिताडा! असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?" अख्ख्या बांधाने टाळ्या वाजवल्या. कुंदा उठली, खांद्यावरची शाल खुर्चीवर ठेवली आणि कुणाशी न बोलता घरी आली. मागून कुणीतरी म्हणालं, "वयनीला भरून आलं."

भरून वगैरे काही आलं नव्हतं. तिचं डोकं फिरलं होतं. वर्षभर ते फिरलेलंच आहे, फक्त गावाला ते दुःख वाटतं.

मागच्या साली याच दिवसांत बाळारामच्या छातीत दुखलं. पनवेलला नेऊन स्टेंट बसवला. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने होडी नाही, उन्हात जायचं नाही, जड काही ओढायचं नाही. बाळारामने मान हलवली. घरी येऊन थोडे दिवस पलंगावर पडून पंख्याकडे बघत राहिला. मग एक दिवस कुंदा त्याच्याच गोळ्या आणायला पेणला गेली, सून प्रणाली कामावर होती, आणि हा होडी सोडून उघाडीवर गेला. उघाडी म्हणजे खारबांधाला बसवलेली लाकडी दारं. भरतीचं खारं पाणी ती बाहेर अडवतात, आणि ओहोटीला शेतातलं पाणी त्यांतून खाडीत सुटतं. आश्विनात ते पाणी उन्हाने कढत झालेलं असतं. त्याच्याबरोबर बोयांसारखी बारकी मासळी वाहत येते, आणि तिच्यासाठी दाराच्या तोंडाशी मोठे जिताडे आ वासून उभे राहतात. बाळारामचा सगळा जन्म त्या दारापाशी गेला होता.

कुंदा गोळ्या घेऊन परत आली तर पलंग रिकामा आणि बांधावर गर्दी. बाळाराम होडीत उताणा पडलेला. उजव्या मुठीवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, वेढे देऊन गुंडाळलेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जिताडा. माणूस गेलेला आणि मासा जिवंत.

लोकांनी दोघांना वर आणलं. आणि मग, डॉक्टर यायच्या आधी, बाळारामचे डोळे कुणी मिटायच्याही आधी, कुणीतरी वजनकाटा आणला. कुंदा धापा टाकत पोचली तेव्हा मासा काट्याला लटकत होता आणि माणसं वाकून आकडा बघत होती.

हे तिने गावाला माफ केलेलं नाही. पण तिला आतून जाळतं ते वेगळंच आहे. होडी बांधापासून हाकेच्या अंतरावर होती. बांधावर माणसं होती. कळ आली तेव्हा हातातली दोरी सोडून याने एक हाक का मारली नाही? हा प्रश्न ज्याला विचारायचा, तोच उत्तर द्यायला नाही.

लाउडस्पीकरचा आवाज लांब जातो. मग तो पाण्याखालून आल्यासारखा येऊ लागतो. गालाखालची फरशी कोमट होते.

कोमट, मग चांगली ऊन. पाणीच आहे ते, घोट्याच्या वरपर्यंत. कुंदाला त्याचं नवल वाटत नाही. ती साडी जराशी उचलून धरते आणि रांगेत पुढे सरकते. पेणचं औषधाचं दुकान आहे. काचेच्या कपाटांत खोके लावलेले आहेत आणि खोक्यांवरून पाणी हळूहळू ओघळतंय. पुढची माणसं पिशव्या घेऊन निघून जातात. तिचा नंबर येतो.

"बाळाराम मोकल यांच्या गोळ्या," ती म्हणते.

दुकानदार चष्म्यावरून बघतो आणि काउंटरवर काटा ठेवतो. "आधी वजन."

"कसलं वजन? मला गोळ्या द्या. माणूस घरी पडलाय."

"घरी कुठे? आत्ताच गेले की, मागच्या दाराने. मासा तुमच्याकडे देऊन गेले."

कुंदाच्या हातातल्या कापडी पिशवीत काहीतरी जोरात वळवळतं. ती किंचाळून पिशवी टाकते. पाण्यात पडल्यावर पिशवी रिकामी तरंगते. "तुम्हा सगळ्यांना एकच धंदा आहे का रे?" ती दुकानदारावर ओरडते. "वजन! वजन! माणूस मेला तरी वजन!"

दुकानदाराला राग येत नाही. तो मागचं शटर वर ओढतो. शटर लोखंडाचं नाही. ओल्या लाकडाचं आहे, शेवाळलेलं, कडेला बारीक शिंपल्या चिकटलेल्या. त्याखालून पाणी उसळून बाहेर पडतंय आणि कुंदा वाकून त्याच्याबरोबर बाहेर येते.

दुकान आता नाही. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, वर पांढरं फटक आभाळ, आणि उघाडीच्या तोंडाशी होडी. होडीत बाळाराम पाठमोरा बसलाय. अंगात बनियन, डोक्यावर ओला टॉवेल. टॉवेलखालून बाहेर आलेले ते मोठे कान बघूनच ती ओळखते.

"हळू ये," तो मागे न वळता म्हणतो. "पाणी डहुळू नको."

वर्षाने भेटलेला नवरा, आणि त्याचं पहिलं बोलणं हे.

"अहो, इकडं बघा."

"बघतो गं. जरा दम धर. वर बोय फिरतायत, म्हणजे तो खाली हाय."

ती होडीत चढते. होडी हलत नाही. पायाखाली फळ्या नाहीत, तिच्याच स्वयंपाकघरातली फरशी आहे, त्या फुटलेल्या कोपऱ्यासकट. बाळाराम सरकून तिला जागा देतो. त्याच्या मनगटावर हॉस्पिटलची पांढरी पट्टी अजून तशीच आहे. तो तिच्या हातात दोरी देतो, जणू एवढ्यासाठीच तिची वाट बघत होता.

"धर. बोटावर ठेव नुसती. कळेल तुला."

"मी मासे धरायला नाय आले."

"मग धर तरी तेवढी."

ती दोरी धरते, कारण त्याने दिलेली वस्तू ती आजवर हातात घेत आली आहे. खालचं पाणी इतकं ऊन आहे की दोरीतूनही त्याची धग बोटाला लागते.

"आज गावाने टाळ्या वाजवल्या," ती म्हणते. "तुमच्या मरणाला."

"लोक किती होते?"

कुंदा त्याच्याकडे बघतच राहते. तो खरंच विचारतोय.

"तुमचे डोळे उघडे होते," ती सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणते. "तुमी तिथं मातीत पडला होतात. अंगावर कुणी चादर टाकली नव्हती. आणि ते मासा काट्याला लावून बघत होते."

बाळाराम मान खाली घालतो. मग हळूच, ओशाळल्यासारखा विचारतो, "किती भरला?"

"नाय सांगणार."

"कुंदे, सांग ना."

"नाय सांगणार! मरेपर्यंत नाय सांगणार!"

"मी मेलोय की."

"माझ्या मरेपर्यंत!"

तो हसतो. त्याचं ते हसणं, खांदे हलवत, आवाज न करता. या हसण्यावर तिने तीस वर्षांत कितीतरी भांडणं सोडून दिली होती. आज ती हसत नाही.

होडी आता हॉस्पिटलच्या लांब बोळातून चाललीय. दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं उघडी आहेत, नर्सा गुडघाभर पाण्यातून ट्रे घेऊन जातायत, कुणाचंही त्यांच्याकडे लक्ष नाही. एका दाराशी डॉक्टर उभे आहेत. "दोन महिने होडी नाही," ते म्हणतात. बाळाराम मान हलवतो.

"हीच," कुंदा बोट दाखवते. "हीच मान हलवलीत तुमी. बघा कशी हलते. आतून काही नाय."

"त्यांनी सांगितलं. मला काय पाहिजे ते विचारलं का कुणी?"

"आणि तुमी मला विचारलंत?"

डॉक्टर मागे राहतात, भिंती विरळ होतात, त्यांतून पुन्हा तिवरं दिसू लागतात. उघाडीचा घोंघावणारा आवाज परत येतो. कुंदा त्याच्यासमोर सरकून बसते. गुडघ्याला गुडघा लागतो. त्याचा गुडघा कोमट आहे, पाण्याइतकाच.

"कळ कवा आली?"

"मासा लागल्यावर."

"आधी नाय?"

"आधी जराशी. खांद्यात. मला वाटलं वल्हं मारून दुखतंय."

"खोटं."

बाळाराम डोक्यावरचा टॉवेल काढून पिळतो. "खोटं," तो कबूल करतो.

"बांधावर माणसं होती. हाक का नाय मारलीत?"

"आले असते सगळे उड्या टाकून. पाणी डहुळलं असतं."

"दोरी सोडून द्यायची. वल्हं घ्यायचं. दोन हात मारले की बांध. हाताला वेढे बसले होते म्हणून सोडता नाय आली, असंच ना? सगळे तसंच म्हणतात. म्हणतात, दोरी अडकली."

बाळाराम टॉवेल पुन्हा डोक्यावर टाकतो. पाण्यावर बोयांची एक झुंड चमकून फुटते.

"दोरी अडकली नव्हती," तो म्हणतो. "वेढे मी मागून घातले."

"मागून म्हणजे?"

"कळ आल्यावर. हात ढिला पडत चालला होता. वाटलं, हात सुटला तर मासा जाईल. म्हणून बांधून घेतली."

कुंदाला पहिल्यांदा काही ऐकूच येत नाही. मग ते शब्द तिच्यापर्यंत पोचतात आणि तिच्या तोंडून जे निघतं, ते तिने या माणसाला लग्नापासून कधी म्हटलेलं नाही. भांडणात नाही, एकांतात नाही, मुलाच्या वेळच्या कळांमध्येसुद्धा नाही.

"तू," ती म्हणते. "तू वेढे घातलेस?"

बाळाराम चमकून वर बघतो.

"तू मरत होतास, ते तुला कळत होतं, आणि तू माशाला बांधून घेतलंस? मी पेणच्या स्टँडवर उन्हात उभी होते. तुझ्या गोळ्यांची पिशवी छातीशी धरून. कुठली सकाळची, कुठली जेवणानंतरची, ते घोकत होते वेड्यासारखी. आणि तू इकडं वेढे घालत होतास! एक, दोन, तीन, मोजून घातलेस का रे? घट्ट बसले का नीट?"

"कुंदे—"

"कुंदे म्हणू नको मला! वर्षभर सगळे सांगतायत, सुखाने गेला, सुखाने गेला. मी मनात म्हणायचे, नाय, त्याला यायचं होतं, त्याला घरी यायचं होतं, दोरीनं दगा दिला. त्या दोरीला मी शिव्या दिल्यात. दोरीला!"

"त्या पलंगावर पडून पंखा बघत होतो," बाळाराम म्हणतो. त्याचा आवाज आता बारीक झालाय. "तू वाटी घेऊन यायचीस. बिनमिठाची पेज. तोंड पुसायचीस माझं. मला वाटायचं, हा कोण माणूस आणून झोपवलाय माझ्या जागी. मी नव्हतो तो."

"मला तो चालला असता."

"काय?"

"तो पलंगावरचा. पंखा बघणारा, पेज सांडणारा. मला चालला असता तो. त्याच्याबरोबर मी राहिले असते, म्हातारी झाले असते. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. का नाय विचारलंस?"

"तू 'चालेल' म्हणाली असतीस," तो म्हणतो. "मग मला राहावं लागलं असतं."

आणि त्याच क्षणी दोरी तिच्या बोटावरून सणसणत सुटते.

कुंदा पुढे फेकली जाते. गुडघे फरशीवर आपटतात. दुसरा हात आपोआप दोरीवर पडतो. खाली काहीतरी अवजड, जिवंत, संतापलेलं उघाडीच्या तोंडातून खोल पाण्याकडे निघालंय आणि तिला ओढतंय. बाळाराम ताडकन उभा राहिलाय.

"लागला! ढील दे! ढील दे, कुंदे! ओढू नको, जाऊ दे त्याला! आता धर. आता धर!"

ती ढील देते, ती धरते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, पण हात करत जातात. पाणी फुटतं आणि जिताडा वर येतो, अख्खा, रुपेरी, कमरेएवढा जाड, जबडा उघडून डोकं डावीउजवीकडे झटकत. डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकतो. तो धाडकन पाण्यात पडतो आणि कोमट पाण्याचा फवारा दोघांच्या तोंडावर येतो.

"उडू देऊ नको! तोंड पाण्यात ठेव त्याचं! गालफडाने दोरी कापेल!"

दोरी पुन्हा पळते, पुन्हा थांबते. कुंदाचे हात भाजल्यासारखे झालेत, खांदे भरून आलेत. आणि मध्येच, त्या सगळ्या ओढाताणीत, तिला ते कळतं. या टोकाला आपण आणि त्या टोकाला तो, मधे एवढीशी दोरी, आणि बाकी कशाचीच आठवण उरत नाही. पलंग नाही, गोळ्या नाहीत, नवरा नाही, आपलं नावसुद्धा नाही. असं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. म्हणजे हे होतं तर ते. हे खरंच इतकं चांगलं आहे.

आणि ते इतकं चांगलं आहे याचाच तिला भयंकर राग येतो.

ती बाळारामकडे बघते. तो अर्धा होडीबाहेर वाकलाय. चेहरा उजळलाय, ओठ विलग झालेत, वीस वर्षांनी लहान दिसतोय. ती एवढं सगळं बोलली, पण त्याचा चेहरा असा झाला तो आत्ता. तो तिच्याकडे बघत नाहीये. तो पाण्यात बघतोय.

"दमला," तो कुजबुजतो. "आला. आण जवळ. सावकाश. मी धरतो त्याला." त्याचे दोन्ही हात पाण्यात आहेत.

मासा होडीच्या कडेला आलाय. कुशीवर झालाय, कल्ले उघडमीट करतायत. एवढा मोठा मासा तिने कधी पाहिलेला नाही. फ्लेक्सवरचा याच्यापुढे काहीच नाही.

कुंदा दोरी तोंडाशी नेते आणि दातांत धरते.

"ए, काय करतेस?" बाळाराम मागे वळतो. "कुंदे! नको! नको गं, कुंदे!"

ती चावते. दोरी चिवट आहे. हिरड्या दुखतात, तोंडात खारट पाणी येतं. ती डोळे मिटून, मान झटकून, सगळ्या वर्षाचा जोर लावून चावते, आणि दोरी तटकन तुटते.

मासा एक क्षणभर तिथेच राहतो, त्याला सुटल्याचं कळत नसावं. मग शेपटीचा एक फटका, आणि होडीच्या कडेला नुसतं डहुळलेलं पाणी.

बाळारामच्या तोंडून आवाज निघतो. आई गेली तेव्हाही तो असा ओरडला नव्हता. तो पाण्यावर हात आपटतो, पुन्हा पुन्हा, पाण्याला धरायला जातो. मग खाली बसतो. चेहऱ्यावरचा उजेड गेलाय. "सोडलास?" तो विचारतो. त्याला विश्वास बसत नाहीये. "हातातला सोडलास?"

"हो," कुंदा म्हणते. ती धापा टाकतेय. "अशी सोडतात दोरी. बघितलंस? एवढंच करायचं होतं."

आता तो तिच्याकडे बघतो. आल्यापासून पहिल्यांदा. तिचे भाजलेले हात, फुटलेला ओठ, सुटलेले केस, सगळं बघतो. त्याचे डोळे भरतात. माशासाठी की कशासाठी, ते तिला कळत नाही, आणि ती विचारत नाही.

"मोठा होता," तो म्हणतो.

"तूही होतास."

ओहोटी सरत आलीय. पाण्याची दिशा बदलते. भरतीच्या रेट्याने उघाडीची लाकडी दारं कुरकुरत मिटायला लागतात, आणि कुंदाच्या लक्षात येतं की ती दाराच्या आतल्या बाजूला उभी आहे, ओल्या फरशीवर, आणि होडी बाहेर राहिलीय.

"अजून रागावलीस?" तिकडून बाळाराम विचारतो.

"अजून."

"बरं," तो म्हणतो. जेवायला वेळ आहे असं सांगितलं की तो ज्या आवाजात म्हणायचा, त्याच आवाजात. दारं मिटतात.

"आई! ओ आई!"

प्रणाली तिचा खांदा हलवतेय. ऑफिसची पर्स अजून तिच्या खांद्याला आहे. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. लाउडस्पीकर बंद झालाय.

"काय झालं? बाहेर ओट्यापर्यंत आवाज येतोय तुमचा. कुणाला एवढं अरेतुरे करताय?"

"तुझ्या सासऱ्याला," कुंदा म्हणते. घसा बसलाय, शब्द खरवडून बाहेर येतात.

प्रणाली पर्स काढून तिच्याशेजारी फरशीवरच बसते आणि तिचे केस मागे सारते. मग थबकते. "आई, तुमच्या तोंडातून रक्त येतंय."

कुंदा उठून बसते. तोंड खारट झालंय. पुढच्या दोन दातांच्या फटीत काहीतरी रुतलंय, जीभ लावली की टोचतंय. ती नखाने ते ओढून काढते आणि तळहातावर ठेवते. नखाएवढा नायलॉनचा तुकडा. जाड, पाणेरी रंगाचा, ओला. दोन्ही टोकं चावून चावून चपटी झालेली.

प्रणाली वाकून बघते. "हे काय?"

"दोरी," कुंदा म्हणते. "मी तोडली."